तू ट्यूबचं नाव विचारलंस म्हणून

कारधा, ता. भंडारा
१८ नोव्हेंबर

चि. खुशबूस,

आईचे आशीर्वाद. जावईबापूंना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. बाळीच्या दोन्ही गालांचा पापा घे. इकडे सगळं ठीक आहे. तुमचंही ठीकच असेल असं धरून चालते.

पत्र पाहून तुला हसू येईल. फोन असताना आईला कागद कुठून सुचला, म्हणशील. पण फोन लावला की तू म्हणतेस, "आई, बाळ उठली, मागून करते." ते खरंच असतं, तान्ह्या लेकराच्या घरी असंच चालतं. पत्र कसं, बाळी झोपली की वाचता येईल. नाहीतर उशाखाली पडून राहील, त्याचंही काही नाही.

यंदा धान बरं आलं. तुझ्या काकाने आपली जमीन बटईने, अर्ध्या वाट्यावर, केली आहे, कापणी त्यानेच उरकली. आता बांध्यांमध्ये लाखोळीचं बी टाकलं आहे. थंडी पडायला लागली. नदीला अजून भरपूर पाणी आहे, सकाळी पुलावरून भंडाऱ्याकडे पाहिलं तर धुक्यात काही दिसत नाही. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, यंदा दंडारीची नाचगाणीही होती. मी गेले नाही, दारात बसून ऐकली. गर्दीत आता जीव घाबरा होतो. शेजारची मंदाबाई जाऊन आली, तिने मला गरम जिलेबी आणून दिली. तिच्याशिवाय या घरात दिवसभरात कोणी येत नाही, पण तिची बडबडच एवढी असते की तेवढं पुरतं.

वरच्या आळीतल्या रिताला मुलगा झाला. मालिशला आणि न्हाऊ घालायला भंडाऱ्याहून बाई येते. बरं झालं, मला तेवढाच आराम. किती वर्षं गावातली लेकरं माझ्या मांडीवर न्हाली, आता कोणीतरी दुसऱ्याने करावं.

दिवाळीच्या फोनवर तू बोललीस ते मनात राहिलं आहे. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सगळ्यांच्या मुली जातात, माझी बॅग भरून तयार होती आणि तू ऐन वेळी येऊ नको म्हणालीस." असं म्हणालीस ना? तुझं चूक नाही, खुशबू. पण माझा गुडघा तेव्हा फार धरला होता. तुझे बाबा गेल्यापासून घरात मी एकटी, कळा सुरू झाल्या तर गाडी कोण आणणार? नागपूरला दवाखाना घराजवळ. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. आणि बाळी झाली त्या दिवसांत माझा फोन बिघडला होता. मंदाबाईने जावईबापूंना सांगितलंच होतं. बारशालाही त्या गुडघ्यामुळेच जमलं नाही.

बाळीचे फोटो मी मंदाबाईच्या मोबाइलवर पाहते, तिचा स्क्रीन मोठा आहे. कपाळ तुझ्या बाबांसारखं आहे. मंदाबाई म्हणते, "नाही वो, नाक पाय, नाक तं तुयंच आहे." मला तेवढं काही दिसत नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कसं सांगणार?

सोबत जुन्या लुगड्यांची एक वाकळ पाठवत आहे. ती मंदाबाईने शिवली आहे, मी फक्त कापड दिलं. दोनदा गरम पाण्यातून काढली आहे, निर्धास्त वापर.

माझ्या हातांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बरे आहेत. गोळी चालू आहे. काळजीचं काही नाही.

तुझी आई
चंद्रकला


कारधा
१२ डिसेंबर

चि. खुशबूस,

आशीर्वाद. काल तुझा फोन आला आणि मी दिवसभर त्याच्याच नादात राहिले. चुलीवर भात लागला.

दिवाळीनंतर तू आपणहून केलेला हा पहिलाच फोन. बाळी कशी आहे, थंडी किती आहे, एवढं झाल्यावर तू म्हणालीस, "आई, ती ट्यूब कोणती होती वो? तू हाताले लावत होती ते?"

मी म्हटलं, "काहून?"

"मैत्रिणीले पायजे होती."

"तिले कुठं झालं?"

मग म्हणालीस, "कानामागं. अन् डोक्यात, केसाखाली. कोंडा नाही तो, जाड जाड निघते."

मागून विहीणबाईंनी हाक मारली तशी तू आवाज खाली केलास आणि म्हणालीस, "नाव मेसेज कर." मी म्हटलं, नाव आठवत नाही. ते खोटं होतं, बाई. नाव मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण इथे लिहिणार नाही आणि मेसेजही करणार नाही. मैत्रिणीच्या केसांखालचं कोणाला एवढं माहीत असतं? ती मैत्रीण कोण आहे ते मला पहिल्याच वाक्याला समजलं.

म्हणून आता सगळं सरळ लिहिते. नीट वाच. हे पत्र विहीणबाईंच्या हाती पडलं आणि त्यांनी वाचलं तरी चालेल.

तुझं लग्न व्हायच्या थोडं आधी माझ्या कोपरांवर आणि तळहातांवर चट्टे आले होते, आठवतं? लाल, वरून पांढरी साल. भंडाऱ्याच्या एका औषधाच्या दुकानात मी हात दाखवला. त्याने काउंटरवरूनच पाहिलं आणि ट्यूब दिली. चार-पाच दिवसांत हात असे झाले की मला देव भेटल्यासारखं वाटलं. तुझ्या लग्नात मी हिरवा चुडा भरून मिरवले ते त्याच ट्यूबवर. थांबवलं की परत यायचं, आधीपेक्षा जास्त. मग मी परत लावायची. एक ट्यूब संपायच्या आत दुसरी आणून ठेवायची. पुढे कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, खालच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या. बांगडी घासली तरी रक्त यायचं. मी बांगड्या काढून ठेवल्या त्या त्यासाठी. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं होतं, कामात अडकतात.

त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड होतं. हे मला फार उशिरा समजलं. ते औषध वाईट नाही, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस, सांगितलं तेवढंच लावलं तर कामाचं आहे. मी मात्र वर्ष-दीड वर्ष तोंडाला पावडर लावावी तसं ते लावलं.

आता डोहाळजेवणाचं. तुला वाटतं त्या दिवशी मी लाजून मागे राहिले. तू हिरव्या साडीत पाटावर बसली होतीस, मी ओटीचं ताट घेऊन उठले आणि विहीणबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या हाताले लागलं दिसते. ओटी मामीले भरू द्या. पोटुशी बाई आहे, उगाच कायले जोखीम?" रागाने नव्हतं, अगदी हसून बोलल्या. माझ्या हातातलं ताट त्यांनीच घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित असंच केलं असतं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तेव्हा मलाही खात्री नव्हती.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच होतं. तू बाळंतपणाला माझ्याकडे येणार, आणि हे हात घेऊन मी तुला न्हाऊ घालणार कशी? बाळाला तेल लावणार कशी? मला कसंही करून तोवर साफ व्हायचं होतं.

साकोलीला हायवेच्या बाजूला एक जण बसायचा. पाटीवर डॉक्टर लिहिलं होतं. कोणीतरी सांगितलं, त्याच्या एका सुईत चट्टे जातात. मी गेले. खरंच गेले, खुशबू, चट्टे. दर थोड्या दिवसांनी सुई घ्यायची. जूनमध्ये माझं अंग असं होतं की आरशात स्वतःलाच पाहत बसायची. तेव्हाच मी तुला फोन करून म्हटलं होतं, "ये, घर तयार आहे." मधल्या खोलीला चुना दिला होता, बाज कसून घेतली होती, शेकशेगडी घासून ठेवली होती. तुझा आवाज त्या दिवशी किती आनंदात होता.

माझं तोंड मात्र सुजायला लागलं होतं. मंदाबाई म्हणायची, "चंद्रकला, तू जाड नाही होऊन राहिली, तू फुगून राहिली." मी ऐकलं नाही. जुलैत गेले तर त्या माणसाचा गाळा बंद. कुठे गेला कोणालाच माहीत नाही. सुई अचानक थांबली आणि मग ते उलटलं. अंगभर आलं. म्हणून मी तुला येऊ नको म्हटलं. गुडघ्याचं काही नव्हतं, गुडघे माझे चांगले आहेत.

पुढचं लांबवत नाही. उपचार मिळाले, आता बरी आहे.

तू काय करायचं ते सांगते. दुकानातून काही आणू नको. कोणाच्या सांगण्यावरून सुई तर मुळीच घेऊ नको. कातडीच्या चांगल्या डॉक्टरकडे जा आणि आत शिरल्या शिरल्या सांग की अंगावर पाजते. ते पहिलं सांग. मला ज्या गोळीने बरं वाटलं ती मागू नको. ती पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला चालत नाही. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना हे पहिल्यांदा दिसतं, आणि थोडं असलं तर साध्या मलमावर, डोक्याच्या तेलावर राहतं. तुझं थोडंच आहे. वेळेवर दाखव.

आणि बाळीला जवळ घ्यायला घाबरू नको. तिला पाज, उराशी धर. हे लागत नाही.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. डॉक्टरकडे गेलीस एवढं कळव.

तुझी
आई


कारधा
६ जानेवारी

खुशबू,

तुम्ही रविवारी येऊन गेलात त्याला आता आठवडा झाला. तुझा फोन नाही, आणि मीही केला नाही. जावईबापूंचा मेसेज मात्र आला: गुरुवारी सकाळची डॉक्टरची वेळ घेतली आहे. वाचून बरं वाटलं. कमलेश भला माणूस आहे. त्या दिवशी अंगणात खाटेवर दोन तास बसून राहिला, आत काय चाललं आहे ते एकदाही डोकावून पाहिलं नाही.

तू न सांगता आलीस. मी परसात भांडी घासत होते. फाटक वाजलं, मला वाटलं मंदाबाई. वळून पाहिलं तर तू, आणि तुझ्या खांद्यावर बाळी. मला उठायचंही सुचलं नाही. राखेचे हात तसेच घेऊन बसून राहिले.

तू घरात येऊन केस बाजूला केलेस आणि कान दाखवलास. मी खिडकीजवळ नेऊन पाहिलं. तू विचारलंस, "तेच आहे न?" मी म्हटलं, "तेच वाटते. पण डॉक्टर सांगतीन." तू रडली नाहीस. फक्त म्हणालीस, "घरी मी रोज पदर घेऊन राहतो आई. आत्याबाई म्हणतात, सून किती मर्यादेत आहे." आणि आपण दोघी हसलो. तेवढं एक मिनिट मला जुने दिवस आल्यासारखं वाटलं.

मग तू बाळीला माझ्याकडे दिलंस. "घे न."

मी हात मागे घेतले. म्हटलं, "हात गार आहेत माये."

"मग चुलीपाशी शेक अन् घे."

"झोपली आहे, राहू दे."

बाळी टक्क जागी होती. माझ्याकडेच पाहत होती. तुझं तोंड पडलं ते मी पाहिलं.

आणि नेमकी त्याच वेळी मंदाबाई आली. तिला काय, तोंडाला झाकण नाही. तुला पाहून आनंदाने बोलत सुटली. "आता कशी गुबगुबीत दिसते न तुयी माय? त्या वार्डात तं वळखू नाही येत होती!" तू विचारलंस, "कोणत्या वार्डात?" मंदाबाई माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "काही नाही वो, भंडाऱ्याले दोन दिवस सलाईन लावली होती." मंदाबाईला खोटं ऐकत उभं राहता येत नाही. ती चहा न घेताच निघून गेली. तू बाळीची टोपी बांधायला लागलीस.

जाताना फाटकात म्हणालीस, "आई, तू पत्रात सगळं सरळ लिहितो म्हटलं होतं." तेवढंच.

तर आता लिहिते. मागच्या पत्रात मी "पुढचं लांबवत नाही" लिहिलं, त्याच्यातच सगळं राहिलं होतं.

सुई थांबल्यावर आठ-दहा दिवसांत मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले. भाजल्यासारखी. अंगाला आग, आणि आतून थंडी. ऐन पावसाळ्याच्या उकाड्यात मी दोन चादरी घेऊन कुडकुडत होते. साल पडायची ती तुकड्यांनी, अंथरूण झटकलं की भुईवर पसरायची. पाय सुजले. मंदाबाई मला भंडाऱ्याला घेऊन गेली, तिथल्या डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, इथे थांबू नका, नागपूरला न्या. अँब्युलन्स त्यांनीच करून दिली.

मी नागपूरला होते, खुशबू. सरकारी मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या वार्डात. तू ज्या दवाखान्यात बाळंत झालीस तिथून ऑटोने फार वेळ लागत नाही, हे मंदाबाईने एका ऑटोवाल्याला विचारून घेतलं होतं.

वार्डात अंगभर पांढरं मलम थापायचे, वर सुती कापड. मंदाबाई दिवसातून अनेकदा ते लावायची. मला स्वतःला हात लावायची किळस यायची आणि ती बाई गाणं म्हणत लावायची. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हातमोजा न घालता माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजी, याचं नाव सोरायसिस. हे कोणालाही लागत नाही. तुम्हाला मुलं आहेत का?" मी म्हटलं, नाहीत.

हे लिहिताना माझा हात थांबला होता. पण म्हटलं मी तसं. मुलगी आहे म्हटलं असतं तर त्यांनी नंबर मागितला असता.

सगळ्या तपासण्या करून मग त्यांनी ती गोळी सुरू केली, आठवड्यातून एकाच वाराला घ्यायची. मेथोट्रेक्झेट नाव आहे. त्यांनी तीन-तीनदा बजावलं की रोज घेतली तर जीवावर बेतेल, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. मंदाबाईने माझ्याकडून वार पाठ करून घेतला, शाळेतल्यासारखा.

बाळी झाली त्या दिवशी दुपारी मी पडून होते. जावईबापूंचा फोन मंदाबाईच्या मोबाइलवर आला. माझा फोन बिघडला नव्हता, पिशवीत होता, मीच बंद करून ठेवला होता. तुझा आवाज आला असता तर मी बोलून बसले असते. मंदाबाईने स्पीकर लावला. कमलेश म्हणाला, "मावशी, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. आई कुठे आहे?" मंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "वावरात गेली ते, निंदण चालू आहे न. मी सांगतो तिले." गुडघ्याचं सोंग तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

मग तिला काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, "जावईबापू, लेकराचा आवाज तं आयकवा." त्यांनी फोन नेला. आधी भांडं पडल्याचा आवाज आला, कोणीतरी बाई बोलली, आणि मग बाळी रडली. मंदाबाईने मोबाइल माझ्या कानाला लावला. कानालाही मलम होतं, सगळा मोबाइल चिकट झाला. मी तोंडात चादरीचा बोळा धरला होता, कारण मी वावरात होते ना.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारत होती, कोणाचं लेकरू रडते वो? मंदाबाई म्हणाली, "आमचंच आहे."

फोन ठेवल्यावर मंदाबाई म्हणाली, "मी जाऊन पाहून येऊ का? ऑटोनं जातो अन् येतो." मी म्हटलं, नको. तू गेलीस तर ती विचारेल, आई कुठे आहे. तुझ्या तोंडावर दिसेल. आणि मग ती ओल्या अंगाने, टाके घेऊन, इथे धावत येईल. मंदाबाई माझ्यावर चिडली. "येऊ दे न! तिची माय मरून राहिली अन् तिले माहीत नको?" त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, पण मलम लावायची थांबली नाही.

तुला त्रास होऊ नये म्हणून लपवलं, असं मी मंदाबाईला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत आले. पण रविवारी तू गेल्यावर मी इथे पायरीवर बसले होते तेव्हा मला समजलं की ते अर्धंच आहे. तू मला पाहावंस असं वाटत नव्हतं. ताट काढून घेतलं तेव्हा विहीणबाईंच्या डोळ्यांत जे होतं ते तुझ्या डोळ्यांत एकदा जरी दिसलं असतं, तर मी त्या वार्डातून उठले नसते. तू तसं पाहिलं नसतंस, हे आता कळतं. तू कान दाखवायला सरळ माझ्याकडे आलीस. माझं तेवढं धाडस झालं नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टरीणबाई घरी सोडताना सहज बोलून गेल्या. कधी कधी हे घराण्यात चालतं, म्हणाल्या, नेहमीच असं नाही, पण चालतं. मी तेव्हाच ठरवलं की तुझ्या सासरी हे कळता कामा नये. कोणी म्हणू नये की मुलीच्या रक्तात खोट आहे. आणि म्हणून बारशाला आले नाही. माझ्या अंगावर तेव्हा खपल्या होत्या, लोकांनी पाहिल्या असत्या. आता तुझ्या कानामागे ते आलंच आहे. माझ्याकडून आलं असेल तर मी काय म्हणू? इतकंच म्हणते की हे काय असतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, ते मला माहीत आहे, आणि तुला ते एकटीने शोधायला लागू नये.

तू आता विहीणबाईंना सांगितलंस हे कमलेशने मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं म्हणे, आणि संध्याकाळी बाळीला स्वतःच तुझ्या मांडीवर आणून ठेवलं. मला ते वाचून त्यांच्याबद्दल जे वाटलं ते इथे लिहीत नाही, भेटल्यावर त्यांनाच सांगेन.

आज माझ्या गोळीचा वार. सकाळी घेतली. घेतली की दिवसभर मळमळ राहते, जेवण नको वाटतं. हातांवर आता चट्टे नाहीत, थोडे डाग आहेत. अंग बरं आहे. घर बरं नाही. त्या मधल्या खोलीत मी जात नाही, बाज तशीच कसलेली आहे. संध्याकाळी मंदाबाई गेली की मी रेडिओ लावते, कोण काय बोलतं ते ऐकत नाही, माणसाचा आवाज पाहिजे म्हणून. मला करमत नाही, खुशबू. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

गुरुवारी पहिल्या एसटीने निघते. मंदाबाई बसवून देते म्हणाली. सरळ तुझ्या घरी येते, मग आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. माझे सगळे कागद आणते, घराण्यात कोणाला आहे असं त्यांनी विचारलं तर मी समोर बसलेली असेन. तू रागावलेली असलीस तरी चालेल. रागावूनच चल.

आणि घरी आल्यावर बाळीला माझ्या मांडीवर दे. मी नको म्हणेन. हात गार आहेत म्हणेन, झोपली आहे म्हणेन. तरी दे.

तुझी आई